तक्रारींच्या यादीतून घडलेला राजपुत्र

गाजलेल्या सिनेमाचा दुसरा भाग येतो तेव्हा प्रेक्षक आधीच थोडा सावध असतो. व्हिडिओ गेमच्या दुनियेत मात्र दुसऱ्या भागाकडून जास्तीच्या अपेक्षा ठेवायला खरोखर आधार आहे. गेमच्या पहिल्या भागाचा मोठा वेळ आणि पैसा यंत्रणा उभी करण्यात जातो: नायक धावणार कसा, कॅमेरा त्याच्यामागे फिरणार कसा, भिंतीला आदळल्यावर काय व्हायचं. दुसऱ्या भागाला हे सगळं तयार मिळतं. म्हणूनच १९८७चा पहिला ‘स्ट्रीट फायटर’ आज फारसा कोणाला आठवत नाही आणि १९९१चा दुसरा ‘स्ट्रीट फायटर’ मारामारीच्या सगळ्या गेम्सचा मानदंड ठरला. ‘हाफ-लाइफ’चा दुसरा भाग सहा वर्षांनी, २००४मध्ये आला आणि पहिल्याच्या तोडीस तोड, अनेकांच्या मते वरचढ निघाला. तेव्हा या क्षेत्रात दुसरा भाग फसणं गृहीत धरता येत नाही, फसला तर का फसला हे सांगावं लागतं.

सांगितली जाणारी कारणं ठरलेली आहेत. कंपनीला पैशाची हाव सुटली, काम घाईत उरकलं, मूळ माणसं सोडून गेली. तिन्हींत तथ्य आहे, पण एकही कारण पुरेसं नाही असं माझं मत आहे. खरी गोम वेगळीच असते: दुसरा भाग बहुतेक वेळा पहिल्याविषयीच्या तक्रारी समोर ठेवून घडवला जातो. तक्रारी मोजता येतात, त्यांची यादी करता येते. पहिला भाग आवडला कशामुळे याची यादी मात्र क्वचितच कोणाला करता येते. हे तपासायला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’इतकं सोयीचं उदाहरण शोधून सापडणार नाही, कारण हा राजपुत्र एकदा नव्हे, अनेकदा नव्याने जन्माला आला आहे.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे डॉसवर संगणक शिकलेल्या अनेकांना तो पांढऱ्या कपड्यांतला, तळघरातल्या काटेरी खड्ड्यांवरून उड्या मारणारा राजपुत्र ओळखीचा आहे. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो १९८९मध्ये ॲपल टू या संगणकासाठी केला. धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याने त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल रेखाटली. म्हणून तो राजपुत्र माणसासारखा अडखळतो, कड्याला लोंबकळतो. या हालचालींनीच यंत्राची तुटपुंजी मेमरी जवळजवळ भरून गेली आणि शत्रूचं वेगळं चित्र ठेवायला जागा उरेना. तेव्हा राजपुत्राचंच चित्र थोडं सरकवून, उलटसुलट करून त्याची एक चकाकती सावली तयार केली गेली. आरशातून बाहेर पडणारी ही सावली पुढे वैरी होऊन समोर येते आणि तिच्यावर केलेला वार राजपुत्रालाच लागतो. गेममधली सर्वांत लक्षात राहिलेली ही कल्पना कोणत्याही आराखड्यात नव्हती, ती अडचणीतून निघाली. मुळात जे चांगलं असतं त्यातलं बरंचसं असं काम करता करता सापडलेलं असतं, आणि सापडलेल्या गोष्टीची कृती कोणी लिहून ठेवत नाही.

१९९९चा त्रिमितीतला प्रयोग आपटल्यावर हे नाव युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओकडे आलं आणि २००३मध्ये ‘द सँड्स ऑफ टाइम’ प्रसिद्ध झाला. कथा मेकनरचीच होती, सर्जनशील सूत्रं पॅट्रिस देझिले याच्याकडे होती. यातल्या राजपुत्राकडे काळ मागे फिरवणारा खंजीर आहे. उडी चुकून दरीत पडलात की बटण दाबायचं, काही सेकंदं उलटी फिरतात आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. सोय म्हणून ही उत्तमच होती, पण तिचा खरा कस कथनात होता. सगळा गेम म्हणजे राजपुत्र कोणाला तरी सांगत असलेली गोष्ट आहे. तुम्ही खरोखर मेलात तर त्याचा आवाज येतो की छे, असं घडलं नव्हतं, पुन्हा सांगतो. म्हणजे खेळणाऱ्याची चूक ही गोष्ट सांगणाऱ्याची चूक ठरते. काळ मागे नेणं, गोष्ट दुरुस्त करणं आणि आपल्याच हातून घडलेला अनर्थ पुसून टाकण्याची राजपुत्राची धडपड, या तिन्हींचा तिथे एकच धागा होतो. शेवटी ही गोष्ट कोणाला आणि का सांगितली जात होती ते उलगडतं, तेव्हा खंजिराचा अर्थही उलगडतो. हातातलं बटण आणि मनातली कथा इतकी एकजीव झालेले गेम फार नाहीत.

दोषही होते. तलवारबाजी एकसुरी होती. एका प्रकारचे शत्रू पुन्हा पुन्हा यायचे आणि एकदा हातखंडा डाव सापडला की तोच चालायचा. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला हा गेम बाजारात सुरुवातीला त्या मानाने थंडच राहिला. एका वर्षात, २००४च्या नाताळच्या हंगामात, दुसरा भाग आला: ‘वॉरियर विदिन’. त्यात तलवारबाजीची तक्रार पुरती निकालात काढलेली होती. दोन हातांत दोन शस्त्रं, डावांची लांबलचक साखळी, शत्रूचं हत्यार हिसकावून त्याच्यावरच फेकणं, मुंडकी उडवणं. राजपुत्र रागीट झाला, पार्श्वभूमीला गॉडस्मॅक या बँडचं कर्कश हेवी मेटल आलं, अमेरिकेत गेमवर सतरा वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का बसला. पहिल्या भागात राजपुत्राशी सतत हुज्जत घालणारी फराह यात नाही. काळ मागे फिरवणं मात्र शाबूत आहे, आणि तिथेच फसगत नेमकी कळते. गोष्ट सांगण्याची ती चौकट गेल्यामुळे काळ उलटवण्याची ती शक्ती केवळ सोय उरली. वैशिष्ट्यांच्या तक्त्यात ती दोन्ही भागांत आहे, अर्थ फक्त पहिल्यात आहे. मेकनरने २००५मध्ये उघडपणे सांगितलं की या भागाची दृश्यशैली आणि हिंसा त्याला पसंत नाही. त्याच्या मनात कडवटपणा असेलही, पण त्याचं निरीक्षण चूक नव्हतं.

इथे कोणी म्हणेल, यात नवल काय, माणसं बदलली होती. खरं आहे. देझिले आणि त्याचे काही सहकारी राजपुत्राच्या वेगळ्याच, पुढच्या पिढीच्या कन्सोलसाठीच्या गेमवर काम करू लागले होते. त्याचं रूप बदलत बदलत २००७मध्ये तो ‘असॅसिन्स क्रीड’ म्हणून बाहेर पडला. नाव एकीकडे राहिलं आणि कल्पक माणसं दुसरीकडे गेली, असं म्हणायला जागा आहे. पण माणसं तीच राहिली तर सगळं ठीक होतं का? २०००चा ‘डेअस एक्स’ आणि २००३चा त्याचा दुसरा भाग ‘इनव्हिजिबल वॉर’ यांचं उत्तर नाही असंच आहे. आयन स्टॉर्मचा ऑस्टिनमधला स्टुडिओ तोच, वॉरन स्पेक्टर तोच, पहिल्याचा प्रमुख रचनाकार हार्वी स्मिथ हाच दुसऱ्याचा प्रकल्पप्रमुख. तीन वर्षांहून जास्त अवधीही मिळाला होता.

पहिल्या ‘डेअस एक्स’मध्ये एकाच कुलुपबंद इमारतीत शिरायचे पाच-सहा मार्ग असत. कोणता मार्ग तुमचा, हे तुम्ही कोणतं कौशल्य कमावलंय यावर ठरे. बंदूक चालवायला शिकला नसाल तर नेम हलायचा, कुलपं उघडायला शिकला असाल तर संगणकात घुसणं जमायचं नाही. यावर भरपूर तक्रारी झाल्या. नेम लागत नाही, कौशल्यांचा गुंता फार आहे, पोहण्यासारखं निरुपयोगी कौशल्य ठेवलंयच कशाला. दुसऱ्या भागाने कौशल्यंच काढून टाकली आणि वर सगळ्या शस्त्रांना एकच सामाईक दारूगोळा दिला, म्हणजे मोजत बसायला नको. गुंता सुटला आणि त्याबरोबर निवडीचं वजनही गेलं. पोहायला शिकायचं नाही हा निर्णयदेखील एक निर्णय होता, तो घेणाऱ्याला आपण कोणीतरी विशिष्ट आहोत असं वाटायचं. सामाईक गोळ्यांची गंमत अशी, की त्या संपल्या की जवळची सगळीच शस्त्रं एका दमात मुकी होत. त्यात हा भाग संगणकाबरोबर एक्सबॉक्सवरही चालायला हवा होता. त्या कन्सोलची मेमरी ६४ मेगाबाइट, त्यामुळे पहिल्यातलं मोकळं लिबर्टी बेट जाऊन छोट्या छोट्या खोल्या आल्या. शिवाय एक पेच कोणाच्याच हातचा नव्हता. पहिल्याला तीन शेवट होते आणि तीनांतून निवड खेळणाऱ्याची होती. दुसऱ्याने गोष्ट पुढे नेण्यासाठी तिन्ही शेवटांचे अंश एकत्र करून टाकले. कोणालाच दुखवायचं नाही म्हणून केलेली ही तडजोड सगळ्यांचीच निवड रद्द करून गेली.

आता घाईचं कारण. ‘वॉरियर विदिन’ वर्षभरात आला हे खरं, आणि घाईने माती होते याला इतर पुरावेही आहेत. ‘ड्रॅगन एज’चा दुसरा भाग पहिल्यानंतर सोळा महिन्यांत काढला गेला आणि त्यात त्याच त्या गुहा वेगळ्या जागा म्हणून पुन्हा पुन्हा दाखवल्या गेल्या. पण १९९८च्या ‘झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’नंतर निंटेंडोने जेमतेम दीड वर्षात ‘मजोराज मास्क’ काढला, तोही आधीच्याच यंत्रावर, बहुतांशी आधीच्याच पात्रांची चित्रं वापरून. तो आज कित्येकांना पहिल्यापेक्षा प्रिय आहे. उलट ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ची घोषणा १९९७ची, आणि २०११मध्ये तो आला तेव्हा न आला असता तर बरं असं चाहत्यांना वाटलं. ‘मजोरा’ करणाऱ्यांनी आधीच्या गेमच्या उणिवा भरून काढण्याला महत्त्व दिलं नाही. त्यांनी प्रश्नच बदलला: तीन दिवसांनी चंद्र गावावर कोसळणार आहे, आणि तेच तीन दिवस तुम्हाला पुन्हा पुन्हा जगायचे आहेत. जुनी चित्रं त्या नव्या प्रश्नाच्या कामी आली.

तक्रारींचं आकर्षण निर्मात्यांना का वाटतं, हे समजून घेण्यासारखं आहे. एखादा मोठा गेम शेकडो माणसं करतात. शेकडो माणसांना सकाळी काम वाटून द्यायचं तर ते वाटून देण्याजोगं असावं लागतं. मारामारी एकसुरी आहे, दहा नवे डाव करा, हे काम देता येतं. गोष्ट सांगणारा आणि खेळणारा यांच्यात जी जवळीक होती ती टिकवा, हे कोणाच्या टेबलावर ठेवणार? दुखणं कुठे आहे ते खेळणारा बोट ठेवून दाखवतो, सुख मात्र सगळ्या अंगात पसरलेलं असतं. जाहिरात विभागालाही नव्या डावांचा आकडा हवा असतो. हे सगळे लोक आपापलं काम चोख करत असतात, म्हणून मला हाव किंवा आळस असले शब्द इथे उथळ वाटतात.

यावर एक सरळ आक्षेप आहे: पहिल्याचं प्रेम हे पहिलेपणाचं असतं, बाकी सगळं आठवणीतलं गोड. तसं असतं तर पहिला ‘स्ट्रीट फायटर’ अजून लाडका असता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘वॉरियर विदिन’ चांगला खपला, त्याला गुणही बरे मिळाले, आणि आजही तोच सर्वोत्तम मानणारे चाहते भारतासकट सगळीकडे आहेत. त्यांचंही काही चुकत नाही. त्यातली तलवारबाजी निःसंशय सरस आहे आणि राजपुत्राचा पाठलाग करणारा दहाका नावाचा काळाकभिन्न राक्षस अंगावर काटा आणतो. सुटा गेम म्हणून तो दमदार आहे. पण त्याने स्वतःला पुढचा भाग म्हणवलं आणि ज्या गोष्टीचा तो पुढचा भाग होता तिच्याकडे पाठ फिरवली. कंपनीलाही हे जाणवलं असावं, कारण २००५च्या तिसऱ्या भागात फराह परतली, राजपुत्राला पहिल्या भागातला आवाज परत मिळाला आणि त्याचा तो रागीट अवतार त्याच्या आत दडलेलं दुसरं, दुष्ट मन ठरवण्यात आला.

शिवाय तक्रारी ऐकूच नयेत असं मी म्हणत नाही. पहिला ‘असॅसिन्स क्रीड’ दिसायला अप्रतिम होता पण त्यातली कामगिरी तीच ती, असं सगळे म्हणत होते. २००९च्या दुसऱ्या भागाने नेमकं तेच सुधारलं आणि तो मालिकेतला मानाचा गेम झाला. तिथे पहिला भाग अपुरा होता, उणिवांची यादी हाच पुढचा नकाशा होता. ‘द सँड्स ऑफ टाइम’ अपुरा नव्हता. पूर्ण झालेल्या वस्तूतला एक कोपरा दुरुस्त करायला गेलं की दुसरे सांधे हलतात.

या राजपुत्राचं ओझं पुढे आपल्या पुण्यापर्यंत आलं. २००३चाच गेम नव्याने घडवण्याचं काम युबिसॉफ्टने पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिलं आणि सप्टेंबर २०२०मध्ये त्याची झलक दाखवली. चेहरे जुनाट दिसतात यावरून टीकेची झोड उठली, तारखा पुढे गेल्या आणि मे २०२२मध्ये काम माँट्रियलकडे वळवलं गेलं. भारतीय स्टुडिओंवर सगळं खापर फोडणं सोपं होतं. पण लोकांच्या आठवणीत जो गेम दरवर्षी थोडा अधिक देखणा होत गेला आहे, त्याच्याशी दोन मिनिटांच्या झलकेने टक्कर द्यायची, हे कोणालाही अवघडच गेलं असतं.

जानेवारी २०२४मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिएच्या स्टुडिओने ‘द लॉस्ट क्राउन’ काढला. नायक राजपुत्र नाही, त्याला सोडवायला निघालेला सारगॉन नावाचा योद्धा आहे, आणि खेळ पुन्हा १९८९सारखा बाजूने दिसणारा. अशा भूलभुलैयाच्या गेम्सविषयी एक जुनी तक्रार असते, की कोणत्या जागी वाट अडली होती ते नंतर आठवत नाही. बाण दाखवून वाट सांगणं हा त्यावरचा रूढ उपाय. इथे खेळणाऱ्याला त्या जागेचं छायाचित्र काढून नकाशावर डकवता येतं, पुढचं डोकं त्याने स्वतः चालवायचं. तक्रार ऐकली गेली आणि शोधण्याची मजाही कायम राहिली. समीक्षकांनी मनापासून कौतुक केलं, विक्री मात्र कंपनीच्या अपेक्षेला उतरली नाही, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही तुकडी मोडून तिच्यातली माणसं इतर प्रकल्पांवर पाठवल्याचं जाहीर झालं.