बर्टनची बियर आणि मुंबईच्या माउल्या

आपल्या बेटावर 'मारमित' म्हणजे भात-डाळ शिजवायचे भांडे, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये मात्र 'मार्माइट' नावाचा एक काळसर, खारट लेप पावाला लावून खातात. शब्द मूळचा एकच, आणि बाटलीवर चित्रही भांड्याचेच! वर्गात एका विद्यार्थ्याने ती बाटली आणून आम्हाला विचारले, "गुरुजी, यात काय शिजवले आहे?" उत्तर शोधता शोधता आम्ही बर्टन गावी पोचलो, आणि तेथून थेट मुंबईला.

बर्टन हे इंग्लंडच्या मध्यभागी ट्रेंट नदीकाठी वसलेले बाजाराचे गाव. इ. स. १००२ च्या सुमारास तेथे बेनेडिक्टाइन साधूंचा मठ स्थापन झाला. हे साधू बियर करीत. तेथील विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून झिरपून येते व त्यातील क्षारांमुळे फिकट बियर नितळ आणि चवदार होते. १५३९ मध्ये मठ मोडला, साधू गेले. पाणी मात्र राहिले.

पण नुसते पाणी असून भागत नाही, माल न्यायला वाटही हवी. १६९९ च्या कायद्याने ट्रेंट नदी नौकांसाठी सुधारण्याची परवानगी मिळाली. मग बर्टनची पिंपे हल बंदरातून रशियापर्यंत जाऊ लागली. १७७७ मध्ये विल्यम बास या मालवाहतूक करणाऱ्या गृहस्थाने आपला कारखाना काढला. पुढे नेपोलियनच्या नाकेबंदीने हा व्यापार बसला आणि १८२२ मध्ये रशियाने जबर जकात बसवली. कारखानदारांच्या तोंडचे पाणी पळाले!

तेव्हा सॅम्युअल ऑलसॉप यांनी हिंदुस्थानकडे नजर वळवली. तेथील गोऱ्या साहेबांसाठी लंडनहून फिकट बियर जात असे. तिचा पहिला नमुना बर्टनमध्ये चहाच्या किटलीत करून पाहिला, असे सांगतात. ती बियर लंडनच्या बियरला भारी पडली. १८३९ मध्ये आगगाडी आली, आणि १८८० च्या दशकात या एका गावात तीसहून अधिक कारखाने झाले. बासचा लाल त्रिकोण हे तर ब्रिटनमध्ये १८७६ साली नोंदलेले पहिले व्यापारचिन्ह.

आम्ही येथे मद्याची थोरवी गात नाही. दारूने बसलेली घरे आम्हा शिक्षकांना रोज मुलांच्या चेहऱ्यावर वाचावी लागतात. आम्हाला सांगायचे आहे ते त्या पिंपात उरलेल्या गाळाबद्दल.

बियर आंबवताना यीस्ट कितीतरी पटींनी वाढते व शेवटी उरते. हे यीस्ट आटवून खाण्याजोगे करता येते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी दाखविले होते. १९०२ मध्ये बर्टनलाच मार्माइटचा कारखाना निघाला. बासचे उरलेले यीस्ट हाच त्याचा कच्चा माल.

१९२८ मध्ये डॉ. लूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक दगावत. त्यांच्या आहारात फळे-भाज्या फारच कमी आहेत, हे डॉ. विल्स यांनी हेरले. महाग औषध गरिबाला कोठून परवडणार? त्यांनी स्वस्त मार्माइट देऊन पाहिले आणि रोगी बायका सुधारू लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य काय, हे मात्र पुढे उलगडले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले आणि त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. आज गरोदर स्त्रियांना त्याच्याच गोळ्या देतात. बाळाच्या पाठीच्या कण्यातील काही जन्मजात दोषही त्याने टळतात.

बर्टनमधील बियरचे संग्रहालय २०२२ मध्ये बंद झाले. पण त्या गाळातून लागलेला शोध घरोघरी पोचला आहे.

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगितले, "बाळ, हे द्रव्य आपल्या अंगणातही आहे. आजी ब्रेद मुरुम, म्हणजे शेवग्याचा पाला, शिजवते ना? त्याचे पाणी फेकू नका. बराच गुण त्या पाण्यात उतरतो." आजीने केलेले 'बुयों ब्रेद' आता आपण जरा अधिक आदराने प्यावे, नाही का?