घरचा सर्व्हर, पण नाव कुणाचं?

जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर करायचाय? मग डोमेन नेम विकत घ्यायचं की नाही, ते आधी ठरवा!

ऑफिसातून दमून घरी यावं, तर हॉलच्या कोपऱ्यात जुना लॅपटॉप शांतपणे घुरघुरत असावा. त्यात आपले फोटो, गाणी, बॅकअप... कुणाच्या क्लाऊडवर नाही, चक्क आपल्या घरात! होम सर्व्हरची हौस एकदा लागली की सुटत नाही. पण मशीन सुरू झालं की पहिला प्रश्न पडतोच. याला डोमेन नेम लागतं का?

घरातल्या घरात वापरायचा असेल, तर अजिबात नाही. सर्व्हरचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की काम फत्ते! आकडे लक्षात राहत नसतील तर 'डॉट लोकल'ने संपणारं नाव द्या. खासगी नेटवर्कसाठी 'डॉट इंटर्नल'सुद्धा आयकॅन या संस्थेने २०२४ मध्ये राखून ठेवलंय. खर्च शून्य. बाहेरून फक्त तुम्हालाच पोहोचायचं असेल, तर व्हीपीएन पुरे.

खरी गरज पडते ती इतरांना लिंक द्यायची असते तेव्हा. घरचा आयपी पत्ता अधूनमधून बदलतो. डायनॅमिक डीएनएसमुळे पत्ता बदलला तरी नाव तेच राहतं. तेही फुकट मिळतं. मग पैसे कशाला मोजायचे?

मीही हाच विचार केला होता. आजी जाऊन वर्ष झालं, तेव्हा तिच्या आवाजातल्या ओव्या मी घरच्या सर्व्हरवर ठेवल्या आणि फुकटच्या नावाची लिंक सगळ्या नातेवाइकांना पाठवली. एक दिवस ती उघडेना. सेवा बंद! फाइल्स माझ्याकडे जशाच्या तशा होत्या, पण नागपूरच्या मावशीचा फोन आला, "काढून टाकलंस का गं ते?" काय उत्तर देणार?

हे काही माझ्या एकटीच्या नशिबी आलेलं नाही. डिन या कंपनीने २०१४ मध्ये आपली गाजलेली मोफत डायनॅमिक डीएनएस सेवा बंद केली, तेव्हाही असंख्य हौशी मंडळींची पळापळ झाली होती. थोडक्यात काय, मशीन तुमचं असलं तरी नाव दुसऱ्याचं असेल, तर दाराची किल्ली त्याच्याकडेच!

नाव घेताना एवढं बघा

* नाव 'विकत' मिळत नाही, भाड्याने मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. पहिल्या वर्षाच्या ऑफरला भुलू नका, रिन्यूअलचा दर विचारा.
* ऑटो-रिन्यू चालू ठेवा. त्या खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको. नाव गेलं तर सूचनाही तुमच्यापर्यंत येणार नाहीत.
* ब्राउझरमधल्या कुलुपासाठी लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट मोफत मिळतं, पण 'डॉट लोकल'ला नाही.
* आधी इंटरनेटवाल्याला विचारा, 'सीजीनॅट आहे का?' एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असेल, तर नुसतं नाव घेऊन भागणार नाही. पब्लिक आयपी, आयपीव्ही६ किंवा टनेल लागेल.
* मराठी नाव हवंय? 'डॉट भारत' २०१४ पासून आहे!

मी आता पाच वर्षांसाठी नाव घेतलंय. मावशीला नवी लिंक पाठवली. "उघडलं गं," एवढंच म्हणाली. मागे आजीची ओवी चालू होती.