सारेचें हास्य

पवित्र शास्त्रांतील कुलमातांमध्यें पहिला मान सारेचा. यहुदी लोक तिला आपली आद्यमाता मानतात, व नव्या करारांतील 'इब्री लोकांस पत्र' यांत श्रद्धावंतांच्या नामावळींत तिचें नांव आदरानें घेतलेलें आहे. तथापि उत्पत्तीच्या पुस्तकांत तिचें जें चरित्र आहे, तें निर्दोष देवतेचें नसून हाडामांसाच्या स्त्रीचें आहे. आणि म्हणूनच तें बोधप्रद आहे.

अब्राहामानें हारान सोडलें तेव्हां तो ७५ वर्षांचा व सारा ६५ वर्षांची होती. त्याच्यापासून मोठें राष्ट्र उत्पन्न करण्याचें वचन परमेश्वरानें दिलें होतें. पण सारा तर वांझ! तंबू उचलावा, नवें कुरण गांठावें, दुष्काळ पडल्यास मिसर देशाची वाट धरावी, अशा फिरत्या संसारांत वर्षें लोटलीं. पाळणा मात्र हालला नाहीं.

कनान देशांत दहा वर्षें काढल्यावर तिचा धीर सुटला. आपली मिसरी दासी हागार हिला तिनें पतीच्या स्वाधीन केलें. प्राचीन काळीं अशी रीत होती. इराकांत नुझी येथें १९२५ ते १९३१ या काळांत झालेल्या उत्खननांत मातीचे लेख सांपडले. त्यांतील एका विवाहकरारांत, पत्नीस मूल न झाल्यास तिनें पतीस दासी मिळवून द्यावी, असें कलम आहे. रीतीनें वागूनही घरांत सुख आलें नाहीं. गरोदर दासी धनिणीस तुच्छ लेखूं लागली, धनिणीनें तिचा छळ मांडला, व ती रानांत पळाली. तेथें झऱ्यापाशीं देवदूतानें तिला गांठलें आणि होणाऱ्या पुत्राचें नांव इश्माएल, म्हणजे 'देव ऐकतो', असें ठेवण्यास सांगितलें. जिच्यावर सारेनें जुलूम केला, तिचा आक्रोश सारेच्याच देवानें ऐकला.

पुढें मम्रे येथें भर दुपारीं तीन अतिथी आले. सारेनें सपिठाच्या भाकरी केल्या आणि तंबूच्या दाराआडून तिनें ऐकलें कीं, तिला पुत्र होणार. नव्वदीच्या उंबरठ्यावरील ती वृद्धा मनांतल्या मनांत हंसली. विचारणा होतांच भयानें तिनें तें नाकबूल केलें. परमेश्वरानें तिचें खोटें तिच्या पदरीं घातलें, पण वचन परत घेतलें नाहीं. या कथेचें मर्म येथेंच आहे. वचन तिच्या श्रद्धेच्या बळावर नव्हे, तर देणाऱ्याच्या सत्यतेवर उभें होतें. पुत्र झाला, त्याचें नांव इसहाक, म्हणजे 'तो हंसतो'. संशयाचें हास्य असें आनंदाचें झालें.

परंतु त्या आनंदानें तिचें मन मोठें झालें नाहीं. तिच्याच आग्रहावरून हागार व तिचा मुलगा भाकरी आणि पाण्याची मसक घेऊन बैर-शेब्याच्या रानांत निघालीं. शास्त्र हा डाग झांकीत नाहीं; देवानें त्या मुलाचीही वाणी ऐकली, हेंही तें सांगतें.

सारा १२७ व्या वर्षीं हेब्रोन येथें वारली. शास्त्रांत मृत्युसमयींचें वय नोंदलेली ती एकच स्त्री होय. तिच्या दफनासाठीं अब्राहामानें ४०० शेकेल रुपें मोजून मकपेलाची गुहा व शेत विकत घेतलें. ज्या देशाचें वचन त्यास मिळालें होतें, त्यांत त्यानें विकत घेतलेली पहिली भूमि ती सारेची कबर! श्रद्धा म्हणजे संशयाचा अभाव नव्हे. संशय येऊनही वाटचाल न सोडणें ती श्रद्धा. मात्र उतावळेपणानें वचनाला हात घातला कीं त्याचें मोल बहुधा दुसऱ्या दुबळ्यास द्यावें लागतें, हेंही सारेच्या चरित्रावरून शिकावयाचें आहे.