एकाऐवजी दोन पट्ट्या

इंदूरमध्ये खजरान्याच्या गणपतीपुढे नवी गाडी पूजेला येते. नवा कॉम्प्युटर मात्र आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून थेट घरी जातो आणि त्याची खरी परीक्षा पहिल्या मोठ्या आकडेमोडीत होते. दुकानदार प्रोसेसरचे कोअर मोजून दाखवतो, कॅबिनेटमधले रंगीत दिवेही लावतो. हवामानाचं किंवा पुलावरच्या ताणाचं गणित करणाऱ्याने आधी रॅमची चौकशी करावी.

२०,००० ओळी आणि तितकेच स्तंभ असलेली सारणी घ्या. एका आकड्याला ८ बाइट लागतात, म्हणजे ३.२ जीबी झाले. ओळी-स्तंभ दुप्पट केले की जागा चौपट, १२.८ जीबी. शिवाय मधल्या पायऱ्यांसाठी अशा आणखी एक-दोन सारण्या हव्यात. १६ जीबी रॅम तिथेच संपते, काम डिस्कवर जातं आणि मिनिटांचे तास होतात.

रॅम किती आहे यासोबतच ती कशी बसवली आहे, हेही पाहायला हवं. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पोचवते. १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८-८ च्या दोन योग्य खाचांत बसवल्या, तर दोन मार्ग (चॅनेल) मिळून ५१.२. आकडे वेळेवर पोचलेच नाहीत, तर सोळा कोअर नुसते बसून राहतात. म्हणूनच २०१६ चं जुनं झिऑन ई५ व्ही४ वर्कस्टेशन आजही हिशेबात घ्यावं: डीडीआर४-२४०० च्या चार मार्गांनी ते ७६.८ जीबीपर्यंत जातं. विजेचं बिल मात्र जास्त येतं.

गेमिंग ग्राफिक्स कार्डाचा मोह आवरावा. आरटीएक्स ३०९० दुहेरी अचूकतेची, म्हणजे ८ बाइटच्या आकड्यांची, आकडेमोड एकेरीच्या फक्त १/६४ वेगाने करतं. एआयला ते चालतं, शास्त्रीय गणिताला बहुधा नाही.

स्वस्त भाग जोडून मोठं काम काढायची रीत आपल्याकडे जुनी आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर आणि पुण्याच्या सी-डॅकमधले त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे तयार प्रोसेसर जोडून. अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रातला पहिला बेओवुल्फ, म्हणजे साधे कॉम्प्युटर जोडून केलेला समूह, १६ साध्या ४८६ प्रोसेसरांचा, १९९४ चा.

पेन ड्राइव्हवर लिनक्स आणि आपलाच प्रोग्रॅम घेऊन दुकानात जावं. पैसे देण्याआधी तो दहा मिनिटं चालवू द्यायला दुकानदार तयार नसेल, तर शेजारचं दुकान पाहावं.