तिसरीनंतर वाचायचे काय?

मुलांच्या वाचनाविषयी आपण बोलतो तेव्हा दोनच टोकांचा विचार करतो. एका टोकाला अक्षरओळख आणि दुसऱ्या टोकाला स्पर्धा परीक्षा. मधली चार-पाच वर्षे, म्हणजे साधारण आठ ते बारा हे वय, धोरणाच्या नजरेतून निसटते. इंग्रजी प्रकाशन व्यवसायात या वयाच्या पुस्तकांसाठी ‘मिडल ग्रेड’ असा स्वतंत्र विभाग आहे. मराठीत हा वाचक ‘बाल’ आणि ‘कुमार’ या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी उभा असतो. नेमक्या याच वयात मूल वाचक होते किंवा कायमचे वाचनापासून दुरावते, म्हणून हा प्रश्न केवळ साहित्याचा राहत नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला पायाभूत साक्षरता मिळावी, असे आहे. उद्दिष्ट योग्यच आहे आणि त्याची निकडही मोठी आहे. ‘असर’ अहवालानुसार २०२२ मध्ये ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२४ च्या पाहणीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. परंतु वाचता येणे आणि वाचत राहणे यांत अंतर आहे. तिसरीपर्यंत मिळवलेले कौशल्य पुढे कशावर चालवायचे, याचे उत्तर अभियानात नाही. पाठ्यपुस्तकाखेरीज हाती काहीच नसेल, तर मिळवलेली अक्षरेही गंजतात.

कायदा याबाबतीत मुका नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके यांबरोबर गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. ‘समग्र शिक्षा’ योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांचे ग्रंथालय अनुदानही आहे. अडचण पुढची आहे. निरनिराळ्या राज्यांतील शाळांमध्ये मी जी पुस्तकांची कपाटे पाहिली, त्यांतील बहुतेकांना कुलूप होते. शिक्षकांचा दोष म्हणावा तर तेही पूर्ण खरे नाही. पुस्तक हरवले की साठा नोंदवहीतील तूट त्यांच्या माथी येते. पुस्तक वाचले गेले नाही, तर मात्र कोणी जाब विचारत नाही. कपाट उघडले की आत थोरांची ठोकळेबाज चरित्रे, सामान्यज्ञान आणि तात्पर्यासह बोधकथा. दहा वर्षांच्या मुलाने त्यासाठी खेळाचे मैदान का सोडावे?

मग त्याला द्यायचे काय? माझी यादी लहान आहे. आरंभ सत्यजित राय यांच्या फेलूदापासून करावा. या गुप्तहेराची पहिली कथा १९६५ मध्ये ‘संदेश’ मासिकात आली. हे मासिक राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३ मध्ये सुरू केले होते. फेलूदाच्या कथा मराठीतही उपलब्ध आहेत. मालिकेचा मोठा गुण असा, की एक पुस्तक संपले की मूल स्वतःहून दुसरे मागते. भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ने महाराष्ट्रात हेच काम केले. वाचनाची सवय उपदेशापेक्षा उत्कंठेने लवकर लागते.

ज्याला अजून अडखळत वाचावे लागते, त्याच्यासाठी रस्किन बाँड यांचे ‘द ब्ल्यू अम्ब्रेला’. गढवालमधल्या खेड्यातली बिन्या, तिची निळी छत्री आणि त्या छत्रीचा मोह पडलेला दुकानदार, एवढाच ऐवज. पुस्तक छोटे आहे, वाक्ये सोपी आहेत. पण हाव, अपमान आणि क्षमा हे विषय सोपे नाहीत. कच्च्या वाचकाला सहा वर्षांच्या मुलाचे पुस्तक देणे म्हणजे त्याचा पाणउतारा करणे होय. भाषा त्याच्या आवाक्यातली आणि आशय त्याच्या वयाचा, असा मेळ साधणारी पुस्तकेच त्याला वर आणतात. ‘आधी वाचता तर येऊ द्या, मग गोष्टींचे बघू’ या आक्षेपालाही माझे हेच उत्तर आहे.

आर. के. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ १९३५ ची. परदेशी कापडाच्या होळीत स्वामी आवेशाने आपली टोपी टाकतो आणि नंतर वडील सांगतात की ती खादीचीच होती. स्वातंत्र्य चळवळीवरचे अनेक धडे जे सांगत नाहीत, ते हा एक प्रसंग हसत हसत सांगतो.

चौथे पुस्तक ‘भीमायन’. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी चितारलेले हे चित्ररूप चरित्र २०११ मध्ये आले. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली आणि मसूरच्या रेल्वे स्थानकावर जात कळताच एकाकी पडलेली भावंडे त्यात भेटतात. डॉ. आंबेडकर तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचे होते, म्हणजे आपल्या या वाचकाच्याच वयाचे. दहा वर्षांच्या मुलाला जातीविषयी काय सांगावे, या संभ्रमात असलेल्या पालकांनी हे पुस्तक मुलासोबत बसून वाचावे.

सिद्धार्थ सर्मा यांची २०१८ ची ‘इयर ऑफ द वीड्स’ ही कादंबरी ओडिशातील कोरोक या गोंड मुलाची आहे. तो बागकाम करतो; गावालगतच्या डोंगराखाली बॉक्साइट आहे आणि ते कंपनीला हवे आहे. २०१३ मध्ये नियामगिरी परिसरातील १२ ग्रामसभांनी खाणीला नकार दिला होता, हे ज्यांना आठवते, त्यांना या कथेची मुळे ओळखू येतील. शेवटी, तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’. रेल्वेच्या डब्यांत भरणारी ही जपानमधली शाळा नॅशनल बुक ट्रस्टने मराठीसह अनेक भारतीय भाषांत पोहोचवली आहे. सरकारी संस्था हे काम उत्तम करू शकते, याचा तो पुरावा आहे.

या सर्व पुस्तकांत एक गोष्ट समान आहे. त्यांतील मूल स्वतः विचार करते, मोठी माणसे चुकू शकतात आणि शेवटी तात्पर्याची चौकट नसते. बहुधा म्हणूनच अशी पुस्तके खरेदीच्या सरकारी याद्यांत क्वचित दिसतात.

भाषेचा प्रश्न याहून अवघड आहे. कोरोकची गोष्ट इंग्रजीत लिहिली गेली; कोरोकसारखी मुले मात्र इंग्रजीत गोष्टी वाचत नाहीत. साहित्य अकादमी २०१० पासून २४ भाषांत बालसाहित्य पुरस्कार देते. पुरस्कारप्राप्त प्रत्येक पुस्तक ठरावीक मुदतीत उरलेल्या २३ भाषांत नेण्याचे बंधन घातले, तर काही वर्षांतच देशातील मुलांचे एक सामाईक ग्रंथालय उभे राहील. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ने २०१५ पासून मुक्त परवान्यावर भाषांतरे किती वेगाने होऊ शकतात, हे दाखवून दिले आहे. तिथला भर लहानग्यांच्या चित्रपुस्तकांवर आहे. तीच पद्धत मोठ्या गोष्टींना लावता येईल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पुस्तक प्रसाराचे राष्ट्रीय धोरण आणि भारतीय भाषांतील भाषांतरे यांचे आश्वासन दिलेलेच आहे.

उरलेल्या दोन सुधारणांना तर फारसा पैसाही लागत नाही. पहिली, ग्रंथालय अनुदानाचा निदान काही हिस्सा शाळेतील मुले आणि शिक्षक यांच्या पसंतीने खर्च व्हावा. दुसरी, दरवर्षी ठरावीक प्रमाणात पुस्तके हरवणे किंवा फाटणे नियमानेच ग्राह्य धरावे. पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ पासून केरळात बांधलेली ग्रंथालय चळवळ टिकली, कारण वाचनालय गावाचे होते आणि पुस्तक घरी नेणे हा तिथे अपवाद नव्हता.

शाळा तपासणीला जाणारा अधिकारी आज कपाटात किती पुस्तके आहेत, ते मोजतो. त्याने यापुढे किती पुस्तके कपाटाबाहेर आहेत, हेही विचारावे. प्रश्न बदलला, की कुलपाची किल्ली सापडायला वेळ लागणार नाही.