भिशीचे पैसे आणि क्वांटमचे शेअर

"ताई, क्वांटमचे शेअर घेऊ का? पोरगा म्हणतो, पैसे दुप्पट होतील." बजाजनगरच्या आमच्या बचत गटात परवा एकीने विचारलं. तिला नुकतीच भिशी लागली होती.

वाळूजच्या कारखान्याचं बरं असतं, गेटमधून तयार माल बाहेर पडताना दिसतो. क्वांटम संगणक मात्र अजून बराचसा प्रयोगशाळेतच आहे. आयनक्यू, रिगेटी, डी-वेव्ह या अमेरिकेच्या शेअर बाजारातल्या कंपन्या. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग म्हणाले, खरा उपयोगी क्वांटम संगणक यायला १५ ते ३० वर्षं लागतील. लगेच दुसऱ्या दिवशी आयनक्यूचा शेअर सुमारे ३९ टक्क्यांनी कोसळला. म्हणजे दहा हजारांचे सहा हजार! पुढे भाव वर चढलाही, पण शाळेची फी तोवर थांबते का?

विज्ञान खोटं नाही. आपल्या सरकारनेही २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला सहा हजार कोटी मंजूर केले. पण सरकारला धीर परवडतो.

मी तिला एवढंच विचारलं, "हे पैसे कशासाठी ठेवलेत?"

"लेकीच्या फीसाठी, जूनमध्ये."

आणि ती स्वतःच हसली. मैत्रिणींनो, शेअर घेण्याआधी हा एक प्रश्न स्वतःला नक्की विचारा.