विश्लेषण : एक माइक, दोन मिक्सर आणि घरी बनवलेला ‘स्प्लिटर’

कीर्तन असो, नाट्यसंगीताची मैफल असो की गणेशोत्सवातला वाद्यवृंद, आता मंडपात अनेकदा दोन मिक्सर दिसतात. एक समोर बसलेल्या श्रोत्यांसाठी, दुसरा मोबाइलवर लाइव्ह पाहणाऱ्यांसाठी. गायकापुढे दोन-दोन माइक लावणे मात्र अडचणीचे ठरते. मग एकाच माइकची वायर ‘वाय’ केबलने दोन्हीकडे नेली जाते आणि स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ सुरू होते. हा आवाज घालवण्याचा एक उपाय सर्रास केला जातो. तो जिवावर बेतू शकतो.

‘घूंऽऽ’ येते कुठून?

माइकच्या एक्सएलआर केबलला तीन पिना असतात. २ आणि ३ नंबरवर आवाजाचा सिग्नल, तर १ नंबरवर तारेची बाहेरची जाळी, म्हणजे शिल्ड. दोन मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवरून वीज घेत असतील तर त्यांच्या अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो. वाय केबलमुळे दोन्हींच्या १ नंबरच्या पिना जोडल्या जातात, अर्थिंगच्या तारांसह एक वेटोळे पूर्ण होते आणि शिल्डमधून प्रवाह वाहू लागतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ऐकू येतो तोच खर्ज आणि त्याच्या पटीतले सूर.

प्लगची अर्थ पिन काढली तर?

आवाज जातो, हे खरे. म्हणूनच कोणी जाड पिन कापतो, कोणी टू-पिन अडॅप्टर लावतो. पण उद्या मिक्सरमध्ये बिघाड होऊन फेज बॉडीला लागला, तर अर्थिंगची वाट बंद असते. तोच करंट शिल्डवाटे माइकच्या धातूच्या जाळीपर्यंत पोहोचू शकतो, आणि माइक असतो गायकाच्या ओठांशी. १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी मंचावर माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने मरण पावला. अर्थिंगमधील दोष हेच त्याचे कारण सांगितले जाते. तेव्हा वेटोळे तोडायचे ते सिग्नलच्या वायरमध्ये, विजेच्या प्लगमध्ये कधीच नाही.

डब्यात नेमके काय असते?

एक फिमेल एक्सएलआर, दोन मेल एक्सएलआर, एक छोटा स्विच, लोखंडी डबा आणि माइक लेव्हलचा १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. खर्चाचा मोठा भाग या ट्रान्सफॉर्मरचाच. इथे कंजूषी केली तर खालचे सूर फाटतात. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असल्याने ट्रान्सफॉर्मरला धातूचे कवच असलेले बरे. तयार डबाही अडॅप्टर आणि अँप्लिफायरपासून लांब ठेवावा.

फिमेलच्या तिन्ही पिना पहिल्या मेलला सरळ जोडायच्या. हे ‘डायरेक्ट’ आउटपुट. तिथूनच २ आणि ३ वरून दोन तारा ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला द्यायच्या. सेकंडरीच्या दोन तारा दुसऱ्या मेलच्या २ आणि ३ ला, दिशा न बदलता. त्याची १ नंबरची पिन इनपुटच्या १ ला स्विचमधून जोडायची. हाच ‘ग्राउंड लिफ्ट’. घरी बनवणाऱ्यांची हमखास चूक इथे होते : दुसऱ्या मेलची १ नंबरची पिन डब्याच्या पत्र्याला टेकते, मग स्विच नावापुरताच उरतो.

कंडेन्सर माइकचे काय?

त्याला लागणारे ४८ व्होल्टचे फँटम फक्त डायरेक्ट बाजूच्या मिक्सरवरून द्यावे. ट्रान्सफॉर्मर डीसी पलीकडे जाऊ देत नाही. प्रायमरीच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज असल्याने तिच्यातूनही जवळपास काहीच वाहत नाही. दुसऱ्या मिक्सरचे फँटम बंद ठेवावे.

आवाज निम्मा होतो का?

नाही. २०० ओहमचा माइक आणि २ किलोओहमचे दोन इनपुट धरले, तर दुसरा मिक्सर जोडल्याने होणारी घट एक डेसिबलहून कमी भरते. कानाला ती जेमतेम कळेल.

कार्यक्रमाआधी काय तपासावे?

डबा कशालाही जोडलेला नसताना मल्टिमीटर लावावा. डायरेक्ट बाजूला १-१, २-२, ३-३ अशी बीप यायला हवी. स्विच उघडा असताना इनपुटच्या कोणत्याही पिनेपासून दुसऱ्या मेलच्या कोणत्याही पिनेपर्यंत बीप येता कामा नये. मग दोन्ही मिक्सर म्यूट करून जोडणी करावी, फँटम द्यावे आणि फेडर हळूहळू वर न्यावा. स्विच दोन्हीकडे फिरवून पाहावा. जिथे आवाज स्वच्छ, तिथे ठेवावा. तरीही ‘घूंऽऽ’ येत असेल तर दोन्ही मिक्सर आणि लाइव्हचा लॅपटॉप एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घेऊन पाहावे. मंडपातल्या बोर्डाला अर्थिंग आहे की नाही याचीच शंका असेल, तर आधी वायरमनला बोलवावे, गायकाला नंतर.